हाडापर्यंत जाणारी सळई

मित्रांनो, सळई म्हटलं की तुम्हाला लोकरीचे गुंडे आणि अर्धवट विणलेला स्वेटर आठवतो. मी त्यातली नव्हे. मी एक जुनी पोलादी सळई आहे. वीतभराहून थोडी लांब, बोटाहून पुष्कळ बारीक, एका बाजूला लाकडी मूठ आणि दुसऱ्या बाजूला, जरा जपून, टोक. माझं सारं आयुष्य मांसात गेलं. लगेच नाकं मुरडू नका. एके काळी या शहरात जे मांस चुलीवर चढलं ते आधी माझ्या परवानगीने चढलं, आणि जे मी नाकारलं ते चुन्याच्या खड्ड्यात गेलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म डॉक्टरांची हत्यारं बनवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. एके दिवशी एक तरुण माणूस त्याच्याकडे आला. गुरांच्या डॉक्टरकीची परीक्षा देऊन तो नुकताच नगरपालिकेत मांस तपासनीस म्हणून लागला होता.

"मिस्त्री, मला अशी एक वस्तू बनवून द्या, की जी मांसात पार हाडापर्यंत जाईल आणि तिथला वास बाहेर घेऊन येईल."

मिस्त्री हसले. "वास आणायचं काम नाकाचं, साहेब. लोखंडाचं कुठलं?"

"नाक हाडापर्यंत पोचत नाही ना, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

मित्रांनो, त्या काळी घरोघरी फ्रीज नव्हते. बर्फसुद्धा श्रीमंतांच्याच घरी दिसायचा. मोठं जनावर कापलं की त्याच्या अंगातली ऊब आत हाडाशी रेंगाळते, आणि मांस सडायला लागतं ते पुष्कळदा तिथूनच. वरून बघाल तर तंगडी गुलाबी, टवटवीत. आत मात्र केव्हाच घाण सुरू झालेली. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण बहुधा मांसाच्या बाजारातच कुणाला तरी सुचली असावी. मिस्त्रींनी साहेबांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि मला गोल न करता तीन कडांची केली. कडांच्या मधे बारीक खाचा ठेवल्या. "गोल सळई बाहेर येता येता पुसून निघते," ते म्हणाले. "हिच्या खाचेत आतला रस राहील. ही काही विसरणार नाही." मग त्यांनी मला तापवलं, तेलात बुडवलं आणि घासून घासून माझं टोक काढलं. खूप दुखलं. पण टोक आल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

साहेबांचं स्वतःचं नाक होतं अगदी नकटं. तरी बाजाराने पहिल्याच आठवड्यात त्यांचं बारसं केलं. नाकसाहेब. "नाकसाहेब आले रे!" अशी आरोळी फाटकापासून उठायची आणि ओट्याओट्यावर धावपळ सुरू व्हायची. कुणी शिळ्या मांसावर ताजं रक्त फासायचा. कुणी सोरा चोळून काळवंडलेल्या मांसाला लाली आणायचा. कुणी तोंडाने हवा फुंकून हडकुळं बोकड फुगवून ठेवायचा. मासेवाल्याने तर माशांचे कल्ले चक्क लाल रंगात रंगवले होते. साहेबांनी एका कल्ल्यावरून बोट फिरवलं, ते बोट मासेवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं आणि पुढे गेले. सदऱ्यावरचा तो लाल पट्टा बघून सगळा बाजार हसला. दुसऱ्या दिवसापासून रंगवलेला मासा दिसला नाही.

माझं पहिलं काम निघालं ते आक्काच्या ओट्यावर. आक्का म्हणजे बाजारातली सगळ्यात जुनी मटणवाली. मनगट लाकडाच्या ओंडक्यासारखं आणि आवाज त्याहून जाड. साहेबांनी मला बाहेर काढताच तिने सुरा ओट्यावर आडवा ठेवला.

"हे काय खुपसताय माझ्या मालात?"

"तपासणी आहे, आक्का. आतून बघायचंय."

"आतून बघायला मी काय चोर आहे? अन् भोक पडलेला माल कोण घेईल हो? तुम्ही?"

"घेईन," साहेब म्हणाले. "चांगला निघाला तर आज माझ्या घरी हाच शिजेल."

आक्काने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग सुरा उचलला. "घाला. कर नाही त्याला डर कशाला?"

मी आत गेले. घट्ट, गार, स्वच्छ मांस होतं. हाडाला माझं टोक टेकलं. साहेबांनी मला तिथेच थोडं थांबवलं, बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं. मग मला आक्काच्या नाकाशी धरलं. आक्का सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघितलंत? आतपर्यंत चोख!" साहेबांनी शब्द पाळला आणि तिथूनच मटण घेतलं. मला उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी कातडी म्यानात ठेवलं. मित्रांनो, पहिल्याच दिवशी चांगल्याला चांगलं म्हणायचं भाग्य मला मिळालं. लोकांना वाटतं, माझ्यासारखीचं काम फक्त नाही म्हणायचं. पण हो म्हणतानासुद्धा हाडापर्यंत जावं लागतं.

पुढे मोठी गंमत झाली. आक्का आपल्या मटणावरचं माझं भोक गिऱ्हाइकांना दाखवायला लागली. "हे बघा नाकसाहेबांचं भोक! त्याशिवाय घेऊच नका!" मग गिऱ्हाइकं इतरांकडेही भोक मागायला लागली. एरवी ज्यांना मी नको होते, तेच साहेबांना हाका मारायला लागले. एका बिलंदराने तर घरूनच दाभण आणून शिळ्या मांसाला स्वतःच भोक पाडलं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाबा रे, तुझं भोक गोल आहे. माझी सळई तीन कडांची." त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाकीचे कितीतरी दिवस त्याला दाभणशेठ म्हणत होते. मी काय बोलणार? मी आपली म्यानात बसून मिस्त्रींना दुवा देत होते.

ही झाली हसण्याची गोष्ट. आता दुसरी सांगते.

शहराबाहेर तापाचा दवाखाना होता. साथीच्या तापाने खंगलेली माणसं तिथे असायची. ताप उतरला की अंगात जोर यावा म्हणून त्यांना मटणाचा पातळ रस्सा देत. त्या उन्हाळ्यात एक दिवस तिथली थोरली परिचारिका साहेबांना शोधत बाजारात आली.

"साहेब, माझ्या वॉर्डातली माणसं बरी होतात आणि रस्सा प्यायली की पुन्हा आडवी पडतात. उलट्या, जुलाब. काल एक बाळंतीण गेली. डॉक्टर म्हणतात, ताप उलटला. मला नाही पटत ते."

"मांस कुणाकडून येतं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ते तुम्हाला ठाऊक असायला हवं."

साहेबांना ठाऊक होतं. दवाखान्याला मांस पुरवण्याचा ठेका साहेबांच्या सासऱ्यांकडे होता. सारं शहर त्यांना मालक म्हणायचं. मांसाचे ते सगळ्यात मोठे व्यापारी. मनमोकळे, गडगडाटी हसणारे, जावयावर मनापासून माया करणारे. साहेबांना ही नोकरी लागली तेव्हा नगराध्यक्षांकडे शब्दही त्यांनीच टाकला होता. दवाखान्याचा माल बाजारात येत नसे. गाडी थेट मुदपाकखान्याच्या दाराशी लागायची. त्यामुळे माझी आणि त्या मालाची कधी गाठ पडली नव्हती.

त्याच दिवशी आम्ही दवाखान्याच्या मुदपाकखान्यात गेलो. आकड्यांना तंगड्या टांगलेल्या होत्या, पुढची एक सगळ्यांत मोठी. दिसायला देखणी. आचारी पुढे आला.

"साहेब, इथे तुमचा हुकूम चालत नाही. तुमचा अधिकार बाजारापुरता."

"अधिकार बाजारापुरता असेल," साहेब म्हणाले, "सडकं मांस काही बाजारापुरतं नसतं."

त्यांनी मला त्या तंगडीत घातलं. मित्रांनो, वरचा थर घट्ट होता. मग एकदम मऊ लागलं. मग लिबलिबीत. हाडाशी पोचले तेव्हा मला तिथे थांबायचीही गरज नव्हती. साहेबांनी मला बाहेर काढून हुंगलं, आणि परिचारिकेपुढे धरलं. तिने पदर नाकाला लावला. मग आचाऱ्यापुढे धरलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "आम्हाला काय करायचंय? मालकांकडून येतं, आम्ही शिजवतो."

साहेबांच्या मुठीत मी होते. ते एवढंच म्हणाले, "चुना मागवा."

उरलेल्या तंगड्यांतही मी जाऊन आले, सगळीकडे तोच वास, आणि सगळा माल खड्ड्यात गेला. दुपारी मालक स्वतः जावयाच्या घरी आले. मी खिडकीत धुऊन वाळत ठेवलेली होते. साहेबांची बायको पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली. तिला दिवस गेलेले होते. मालकांनी भांड्याला हात लावला नाही.

"जावईबापू, उन्हाळ्याचे दिवस आहेत. एखादा नग खराब निघतो. मला निरोप धाडायचा होता, गुपचूप बदलून दिला असता. चारचौघांत चुना ओतायची काय गरज होती?"

"एकच नग नव्हता, मामा. टांगलेले सगळे तसेच होते. माणसं मरतायत तिथे."

"माणसं तापानं मरतायत!" मालकांचा आवाज चढला. "तापाच्या दवाखान्यात माणसं मरायचीच. अन् एक सांगा, ही नोकरी कुणाच्या शब्दानं लागली? ज्या घरची मुलगी केलीत त्याच घराचे वासे मोजता?"

"वासे नाही मोजले. वास घेतला फक्त."

मालकांना विनोद आवडायचे, पण हा आवडला नाही. उठता उठता त्यांची नजर खिडकीत माझ्यावर पडली. "या एवढ्याशा खिळ्यानं तुम्हाला शहाणं केलं काय? बघतो मी हा खिळा किती दिवस टिकतो ते." आणि ते निघून गेले.

खिळा! मित्रांनो, मला पुष्कळ नावं ठेवली गेली आहेत. पण खिळा ज्या जागी ठोकतात त्या जागी मुकाट राहतो. मी कधीच मुकाट राहिले नाही.

थोड्याच दिवसांत नगरपालिकेने सभा बोलावली. प्रश्न एकच. सळई खुपसल्याने व्यापाऱ्यांच्या मालाचं नुकसान होतं, तेव्हा यापुढे तपासनिसाने माल फक्त डोळ्यांनी तपासावा. सभेला निघायच्या आधी साहेब पायांत बूट चढवत होते. बायको दाराशी उभी होती.

"अहो, बाबांचं नाव घेणार आहात का तिथे?"

"नाव नाही घेत. मांसाबद्दल बोलणार."

"मांस त्यांचंच आहे ना पण."

साहेबांनी मान खाली घातली. "तू सांग, काय करू? तू म्हणशील तर राजीनामा देतो. पण नजरेने तपासतो असं म्हणून तिथे रोज खोटं उभं राहणं मला जमायचं नाही."

मला म्यानात घालून तिने त्यांच्या हातात दिलं, आणि दार ओढून घेतलं.

सभागृह माणसांनी खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर अध्यक्ष, समोर सभासद, मागे बाजारातले लोक. आक्का भिंतीला टेकून उभी होती. मला म्यानातून काढून अध्यक्षांपुढच्या टेबलावर ठेवायला लावलं. "निर्णय होईपर्यंत ही सळई इथेच राहील. कुणी हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. मग मालक आले. त्यांच्या गड्याने पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेली एक तंगडी टेबलावर ठेवली आणि कापड बाजूला केलं.

"मंडळी, हा माझा आजचा माल," मालक म्हणाले. "दवाखान्यात जाणारी खेप. डोळे सगळ्यांनाच आहेत. बघा."

सभासद एकेक करून पुढे आले. "वा, काय रंग आहे!" "चरबी बघा कशी लोण्यासारखी!" एकाने तर टिचकी मारून पाहिली, जणू काय मडकं घेतोय. मी त्या तंगडीपासून हातभर अंतरावर होते. मला पाय असते ना, मित्रांनो, तर मी स्वतः चालत गेले असते.

साहेब उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, रंग मलाही दिसतो. मला फक्त एकदा सळई घालू द्या. चांगलं निघालं तर मी सगळ्यांसमोर मामांची माफी मागेन आणि नोकरी सोडेन."

"तेच तर इथे बंद करायचंय," अध्यक्ष म्हणाले. "डोळ्यांनी काय दिसतं तेवढं सांगा."

"घालू द्या की!" मागून आक्का ओरडली. "माझ्या मालात रोज घालतात, मी मेले का? गरिबाच्या मटणाला भोक चालतं अन् मालकांच्या मटणाला चालत नाही होय?"

हशा पिकला. शिपायाने तिला गप्प बसवलं. अध्यक्ष मत घ्यायला लागले. सभासदांनी हात वर करायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात दारातली माणसं बाजूला सरकली. साहेबांची बायको आत आली. तिला बघून साहेब अर्धवट उभे राहिले. तिला त्यांनी बोलावलं नव्हतं. ती त्यांच्याकडे गेलीच नाही. सरळ टेबलापाशी आली आणि वडिलांपुढे उभी राहिली.

"बाबा, हे मांस चांगलं आहे ना?"

मालक गोंधळले. "पोरी, तू कशाला आलीस या गर्दीत? तुझी तब्येत..."

"चांगलं आहे ना पण?"

"चांगलंच आहे. सगळ्यांनी बघितलं."

"मग मी हे घरी घेऊन जाते. आज माझ्या हाताने शिजवते. रात्री मी जेवीन, आईला डबा धाडीन. लहानपणापासून आपल्या घरात ठेक्याचं मांस कधी आलं नाही, बाबा. आपल्यासाठी तुम्ही परसात वेगळी बकरी बांधायचात. का, ते मी कधी विचारलं नाही. आज एकदा बाहेर जातं ते खाऊन बघू."

तिने दोन्ही हातांनी ती तंगडी उचलली. जड होती. तिचा तोल जरासा गेला, आणि मालकांनी झटकन पुढे होऊन ती तिच्या हातांतून काढून घेतली.

"तू नको."

दोनच शब्द. ते ओरडून बोलले नव्हते, पण सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ते ऐकू गेले. आपण काय बोललो ते मालकांना मग कळलं. तंगडी त्यांच्या छातीशी होती आणि पांढऱ्या सदऱ्यावर पाणी झिरपत होतं.

"बरं, मी नको," लेक म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण ती थांबली नाही. "मग दवाखान्यात जी बाळंतीण गेली, ती कुणाचीच लेक नव्हती का, बाबा?"

मालकांनी तंगडी टेबलावर ठेवली, पांढरं कापड उचलून तिच्यावर नीट पांघरलं, जसं मेलेल्या माणसावर पांघरतात, आणि कुणाकडे न बघता निघून गेले. वर झालेले हात एकेक करून खाली आले. मत घ्यायचं राहूनच गेलं.

लक्षात आलं का तुमच्या? त्या दिवशी मला कुणी हातही लावला नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तपासणी माझ्याशिवाय झाली. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग मला उमगलं की हाडापर्यंत जायला नेहमी पोलादच लागतं असं नाही.

दवाखान्याचा ठेका मालकांकडून गेला. साहेबांना दवाखाना, अनाथाश्रम, तुरुंग, सगळीकडचं मांस तपासायचा अधिकार मिळाला. पण म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. दुखावलेल्या सभासदांनी साहेबांची घोडागाडी काढून घेतली. साहेब पायी जायला लागले. त्यांचा मदतनीस काढून घेतला. साहेब एकटेच तपासायला लागले. बूट झिजले, नाक मात्र शाबूत राहिलं. बाजारातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकाने माझी मूठ चोरून फोडली. साहेबांनी आक्काकडून जुन्या सुऱ्याची मूठ मागून आणली आणि मला बसवली. अजूनही माझ्या अंगावर तीच मूठ आहे.

सगळ्यांत जड गेलं ते साहेबांच्या बायकोला, आमच्या बाईंना. माहेरचं दार बंद झालं. मुलगी झाली तेव्हा मालक बघायला आले नाहीत. मात्र त्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी एक दुभती शेळी बांधलेली दिसली. सोबतचा गडी कुणाकडून आलो ते सांगेना. साहेब बराच वेळ शेळीकडे बघत राहिले. बाई रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "आता हिलाही सळई टोचून बघणार का?"

"नाही," साहेब म्हणाले. "ही आतून चांगलीच आहे."

वर्षं गेली. एका पावसाळ्यात पुन्हा तापाची साथ आली, आणि मालक त्याच दवाखान्यात दाखल झाले. म्हातारे झाले होते. गडगडाट संपला होता. मी साहेबांच्या कोटाच्या खिशात होते. लेक उशाशी बसली होती. साहेब दाराआड उभे होते, आत जावं की नाही ते ठरत नव्हतं. तीच थोरली परिचारिका वाटी घेऊन आली.

"रस्सा आहे. घ्या थोडा."

मालकांनी तोंड फिरवलं. मग कष्टाने विचारलं, "कुणी तपासलाय?"

"तुमच्या जावयांनी."

"नुसता बघून? की सळई घालून?"

"सळई घालून. हाडापर्यंत."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. वाटलं, आता घेणार नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं, जसं लहान मूल उघडतं. लेकीने चमचा धरला. वाटी संपली तेव्हा साहेब हळूच आत गेले आणि पायथ्याशी बसले. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मालक एवढंच म्हणाले, "मीठ कमी आहे, जावईबापू. तेही बघत जा जरा." साहेबांनी मान डोलावली. मित्रांनो, मला आयुष्यात अनेक वेळा शाबासकी मिळाली. त्या रिकाम्या वाटीएवढी मोठी एकही नव्हती.

पुढे काळ बदलला. बर्फाचे कारखाने आले, थंड खोल्या आल्या, काचेच्या पट्टीवर मांसाचा कण ठेवून बघणारी सूक्ष्मदर्शक दुर्बीण आली. ती आली ते चांगलंच झालं. मला जे कधी दिसलं नाही ते तिला दिसतं. साहेब निवृत्त झाले, मग गेले. मी कचेरीच्या खणात पडले. नव्या माणसांना माझं काम ठाऊक नव्हतं. कुणी माझ्याने रंगाचे डबे उघडले. कुणी मोरीतला बोळा काढला. एकाने तर मला खुर्चीच्या मोडक्या पायात पाचर म्हणून ठोकलं. तिथे मी गंजले. शेवटी जुनं सामान निघालं तेव्हा मला शहराच्या वस्तुसंग्रहालयात पाठवलं. इथे मी काचेच्या पेटीत असते. दिवा आहे, मखमल आहे, गर्दी फार नसते.

गेल्या वर्षीची गोष्ट. संग्रहालयाचे व्यवस्थापक मला पुसत होते आणि माझं टोक त्यांच्या बोटात घुसलं. रक्त आलं. "अरे बापरे! शाळेची मुलं येतात इथे," ते म्हणाले. "उद्या हिचं टोक घासून गोल करून टाकू. दिसायला तशीच दिसेल." त्यांनी कानस काढून ठेवलीसुद्धा. मी रात्र कशी काढली ते विचारू नका.

सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी कानस पाहिली, मला पाहिलं आणि व्यवस्थापकांना विचारलं, "साहेब, ही कशासाठी होती हो?"

"मांसात खुपसून बघायला."

"मग टोक काढल्यावर ही कशासाठी राहील?"

व्यवस्थापकांनी एकदा कानशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "पेटीला कुलूप लावून टाकू." मावशींनी कानस उचलून खणात टाकली, आणि मला परत मखमलीवर ठेवलं.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं ऐका. मला तेल लावू नका असं मी म्हणणार नाही. लावा. गंज काढा, धूळ झटका, मूठ सैल झाली तर बसवा. वस्तूंची काळजी घ्यायलाच हवी. पण काळजीच्या नावाखाली कुणाचं टोक काढून घेऊ नका. वस्तूचंही नाही आणि माणसाचंही नाही. जो विचारतो, तपासतो, नाही म्हणतो, तो बोटाला लागतोच. त्याला गोल करून मखमलीवर ठेवलंत तर तो छान दिसेल, कुणाला टोचणार नाही, आणि तुमच्या ताटात काय पडलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मी म्हातारी झाले आहे. पण अजून लागते. विश्वास नसेल तर या, कुलूप उघडायला लावा, आणि बोट लावून बघा.